तीन विल्यम, आणि त्यांतला तुमचा कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका गृहस्थांच्या आजोळी एक इंग्रज पूर्वज आहे. नाव विल्यम, आडनाव इथे मुद्दाम देत नाही. तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत फिटर होता आणि १८७४ साली इगतपुरीला वारला. दफनाच्या नोंदीत वय ४८ लिहिलंय. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले की तो ‘विल्टशरचा’, म्हणजे इंग्लंडातल्या त्या नावाच्या परगण्यातला. या गृहस्थांनी संगणकावर शोध घेतला, तेव्हा विल्टशरमध्ये १८२४, १८२६ आणि १८२७ साली त्याच नावाच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडले, तीन वेगवेगळ्या गावांत. त्यांतला १८२६चा वयाशी तंतोतंत जुळतो म्हणून त्यांनी तो धरला, आणि इतरांनी तयार करून ठेवलेल्या वंशावळींचा हात धरून थेट १६००पर्यंत मागे गेले. आता त्यांचा प्रश्न आहे: १६००च्या मागे कसं जायचं?

मी मूळची पुण्याची, गेली एकोणीस वर्षं विल्टशरमध्ये राहते. सासरची वंशावळ शोधता शोधता या नादाला लागले आणि नंतर जुनी चर्चची रजिस्टरं उतरवून काढणाऱ्या स्वयंसेवकांत सामील झाले. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगते, तुमची गाडी १६००ला अडलेलीच नाही. ती १८२६लाच रुळावरून घसरली असण्याची दाट शक्यता आहे. मागची सव्वादोनशे वर्षं कदाचित अगदी बरोबर असतील, फक्त ती दुसऱ्याच कुणाच्या घराण्याची असतील.

आपल्याकडे त्र्यंबकला किंवा नाशिकला उपाध्यायांकडे गेलं की ते आडनाव आणि मूळ गाव विचारतात, बाड काढतात, आणि त्यात आपल्याच पणजोबांनी येऊन सांगितलेली नावं निघतात. बाप, आजा, भाऊ, मुलं, सगळी नाती आयती लिहिलेली. इंग्लंडच्या पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, रजिस्टराकडून आपण नकळत तीच अपेक्षा करतो. पण ते घराण्याचं बाड नव्हे, ती चर्चची रोजकीर्द आहे. आज कुणाचा बाप्तिस्मा केला, कुणाचं लग्न लावलं, कुणाला पुरलं, एवढंच त्यात असतं. १८२६ला बाप्तिस्मा झालेला विल्यम आणि १८५० साली लग्नाला उभा राहिलेला विल्यम एकच, असं रजिस्टर कुठेही म्हणत नाही. ते आपण म्हणतो, आणि म्हणून ते सिद्धही आपल्यालाच करावं लागतं.

१८२६च्या त्या नोंदीत नेमकं काय असतं ते पाहा. १८१२च्या कायद्याने १ जानेवारी १८१३पासून इंग्लंडभर छापील रजिस्टरं आली. बाप्तिस्म्याच्या पानावर आठ नोंदी. प्रत्येकीत तारीख, मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्या पाद्र्याचं नाव. आईचं माहेरचं आडनाव नाही. जन्मतारीखही नाही, एखाद्या हौशी पाद्र्याने समासात लिहिली असेल तर तेवढीच. मूल दोन आठवड्यांचं असेल किंवा चार वर्षांचं, नोंद सारखीच दिसते. पाठोपाठच्या तीन-चार भावंडांचा एकाच रविवारी एकदम बाप्तिस्मा उरकलेला मी कितीदा तरी पाहिलाय.

आता दुसऱ्या टोकाचं ४८ हे वय घ्या. ते इगतपुरीत कुणी सांगितलं? बायकोने, नाहीतर शेजारच्या क्वार्टरमधल्या एखाद्या सहकाऱ्याने. त्या पिढीत स्वतःचं नेमकं वय माहीत नसणं मुळीच नवल नव्हतं. मी अशा वयात दोन-तीन वर्षांची चूक धरूनच चालते. म्हणजे १८२४चा आणि १८२७चा विल्यम हे दोघेही शर्यतीत आहेत, आणि ‘तंतोतंत जुळतो’ या एका मुद्द्यावर १८२६च्या विल्यमला झुकतं माप देता येत नाही.

तिसरी गोष्ट मला जास्त खटकते. तो फिटर होता. विल्टशर तेव्हा शेतमजुरांचा आणि पश्चिमेकडे लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा मुलूख. तिथे १८४३ साली स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा मोठा कारखाना सुरू झाला आणि इंजिनाचं काम येणारे कारागीर इंग्लंडच्या उत्तरेकडून, अगदी स्कॉटलंडमधूनही तिथे येऊन राहिले. तुमचा विल्यम स्विंडनमध्ये पाच-सात वर्षं काम करून मुंबईला आला असेल, तर मुलांना तो ‘विल्टशरचा’ म्हणूनच आठवणार. जन्मला भले उत्तरेकडच्या लँकेशरमध्ये असेल. मग तुमचे तिन्ही विल्यम बाद. असंच झालं असेल असं माझं म्हणणं नाही, पण ही शंका फेडल्याशिवाय मी एक पाऊलही मागे टाकणार नाही.

म्हणून सुरुवात इंग्लंडात करू नका, इगतपुरीतूनच करा. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. मुंबई इलाख्यातल्या चर्चमध्ये होणारे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि त्यांची छायाचित्रं फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी फिबिस नावाची एक संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावरची सूची फुकट आहे. तिथून सुरुवात करा.

विल्यमचं लग्न मुंबई इलाख्यात झालं असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरच्या अशा नोंदींत बहुधा वराच्या बापाचं नाव असतं. ते एक नाव सोन्याच्या मोलाचं आहे. तुमच्या १८२६च्या मुलाचा बाप टॉमस आहे. मुंबईच्या नोंदीत जॉन निघाला तर १६००पर्यंतचा सगळा डोलारा एका ओळीत कोसळतो. टॉमस निघाला तरी लगेच पेढे वाटू नका, इंग्लंडात टॉमस गल्लोगल्ली होते. तो विवाहित होऊनच इकडे आला असेल, तर लग्न इंग्लंडातलं. १ जुलै १८३७पासून तिथे सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि त्या लग्नाच्या दाखल्यात दोन्ही व्याह्यांची नावं आणि धंदे असतात. रेल्वेत येण्याआधी तो गोऱ्या पलटणीत होता असं निघालं तर आणखी उत्तम, कारण सैनिकाच्या सेवामुक्तीच्या कागदात बहुतेक वेळा जन्माचा पॅरिशच लिहिलेला असतो.

पुढचा थांबा १८५१ची जनगणना. माणूस कोणत्या गावी जन्मला आणि कुटुंबप्रमुखाशी त्याचं नातं काय, हे दोन्ही पहिल्यांदा तीत विचारलं गेलं. ३० मार्च १८५१च्या रात्री विल्यम इंग्लंडात असेल, तर जन्मगाव त्याच्या स्वतःच्या तोंडून लिहिलेलं मिळेल. मुंबई-ठाणे गाडी १८५३ची आणि इगतपुरीकडे चढणारा थळ घाटातला रेल्वेमार्ग १८६५ साली सुरू झाला, तेव्हा तो १८५१नंतरच आला असण्याची शक्यता जास्त. मात्र १८४१च्या जनगणनेवर फार भिस्त ठेवू नका. तीत नाती नाहीत, जन्मगावाऐवजी ‘याच परगण्यात जन्मला का, हो की नाही’ एवढंच आहे, आणि पंधराच्या वरच्यांची वयं सर्रास पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. १९ वर्षांचा मुलगाही १५चा दिसतो.

यानंतर तीन विल्यमांकडे वळा, आणि तिघांचाही मरेपर्यंत पाठलाग करा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही. १८२४चा विल्यम १८५१ला, १८६१ला आणि १८७१लाही त्याच गावात शेतमजूर म्हणून सापडला, तर तो इगतपुरीचा नव्हे, विषय संपला. दुसऱ्याचं दफन शोधा, आधी लहानपणीचं. इथेच मी एकदा तोंडावर आपटले आहे.

नवऱ्याच्या घराण्यात ट्रोब्रिजजवळचा एक जेम्स नावाचा विणकर होता. मला त्याचा बाप्तिस्मा मिळाला, गाव बरोबर, साल बरोबर. तिथून दोन वर्षं खपून मी इंग्लंडातल्या यादवी युद्धाच्या काळापर्यंत मागे गेले. सासूबाईंच्या सत्तरीला वंशवृक्ष सुंदर अक्षरात काढून घेतला आणि चौकटीत घालून दिला. पुढे वर्षभराने दुसऱ्याच कुणासाठी तिथलं दफनांचं रजिस्टर उतरवत होते, तर समोर जेम्स. तीच वस्ती, वय वर्षं तीन. आमचा विणकर ७१ वर्षं जगला होता. म्हणजे मी ज्याच्या पूर्वजांच्या मागे दोन वर्षं धावले, तो पोर तिसऱ्या वर्षीच गेला होता, आणि आमचा जेम्स पलीकडच्या गावातला, त्याच नावाचा दुसराच निघाला. वंशवृक्ष अजून सासूबाईंच्या जिन्यात टांगलेला आहे. काढू देत नाहीत. म्हणतात, छान दिसतोय.

१८१३नंतरच्या दफनाच्या नोंदीत नाव, राहण्याचं ठिकाण, तारीख आणि वय असतं, बापाचं नाव नसतं. त्यामुळे लहान मुलाच्या बाबतीत बाप्तिस्म्याच्या नोंदीतलं ठिकाण आणि दफनातलं ठिकाण ताडून पाहावं लागतं. आणखी एक खूण सांगते. त्याच आईबापांनी दोन-तीन वर्षांनी पुन्हा एका मुलाचं नाव विल्यम ठेवलं असेल, तर पहिला बहुधा गेलेला असतो. गेलेल्या भावंडाचं नाव पुढच्याला देण्याची तिथे सर्रास रीत होती.

समजा दोघे बाद झाले. उरलेला आपोआप तुमचा होतो का? नाही. चौथाही असू शकतो, आणि तो चर्चच्या रजिस्टरात मुळीच नसेल. पश्चिम विल्टशरच्या कापडगावांत बॅप्टिस्टांसारख्या वेगळ्या पंथांचा मोठा जोर होता. बॅप्टिस्ट तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत, त्यांच्या चॅपलच्या (प्रार्थनागृहाच्या) वहीत फार तर जन्माची नोंद मिळते. अशा पंथांच्या बऱ्याच वह्या १८३७नंतर सरकारने गोळा केल्या आणि त्या आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. गंमत अशी की १७५४ ते १८३७ या काळात क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना कायदेशीर लग्न अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चमध्येच लावावं लागे. म्हणून एखादं कुटुंब लग्नांच्या वहीत ठळक दिसतं आणि बाप्तिस्म्यांच्या वहीत औषधालाही सापडत नाही. असं दिसलं की मी चॅपलकडे वळते.

सूचीवर भरवसा किती ठेवायचा, हेही सांगायला हवं. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेज ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत आणि मी रोज वापरते, पण सूची म्हणजे माझ्यासारख्या कुणीतरी डोळे फोडून वाचलेलं अक्षर. ते चुकतं. शिवाय मूळ कारकुनानेच आडनाव कानाने ऐकून लिहिलेलं असतं. विल्टशरच्या जुन्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘फ’ ‘व्ह’सारखा आणि ‘स’ ‘झ’सारखा होई, ‘ह’ तर खुशाल गळून पडे. तुमचं आडनाव मोठ्याने चार प्रकारे म्हणून पाहा आणि चारही शोधा. नोंद सापडली की मूळ पानाचं छायाचित्र बघाच, आणि त्याच्या आधीची-नंतरची चार पानंही चाळा. भावंडं, चुलते, साक्षीदार तिथेच भेटतात. मूळ पान फाटलेलं किंवा पुसलेलं असेल, तर दरवर्षी बिशपकडे पाठवलेली नक्कल शोधा. विल्टशरच्या अशा नकला आणि रजिस्टरं चिपनमच्या अभिलेखागारात आहेत.

इथपर्यंतचा क्रम ध्यानात राहील ना? मुंबईची लग्ननोंद, मग १८५१, मग तिघांचा निकाल, मग चॅपल. यात सगळं जमून आलं तर विल्यमच्या बापाकडे जा, आणि तिथे मात्र केवळ रजिस्टरांवर राहू नका. माझ्या मते या छंदातली खरी मजा पॅरिशच्या पेटीत आहे. प्रत्येक चर्चमध्ये दोन-तीन कुलपांची एक भक्कम लाकडी पेटी असे, आणि रजिस्टरांबरोबर गावाच्या गरिबांचे कागद त्यातच ठेवत.

१६६२च्या कायद्याने गरिबाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशवर आली. मग हक्काचा पॅरिश कुठला, यावरून गावागावांत भांडणं. माणूस मदत मागायला आला, किंवा पुढेमागे येईल अशी भीती वाटली, की त्याला दोन न्यायाधीशांसमोर उभं करून जबानी घेत. कुठे जन्मला, कुणाकडे उमेदवारी केली, कुणाच्या शेतावर किती पगारावर राहिला, लग्न कुठे झालं, पोरं किती. ज्याने आयुष्यात कधी स्वतःचं नाव लिहिलं नाही, अशा माणसाची जीवनकहाणी अर्ध्या पानात मिळते. ‘जन्म अमुक गावी झाल्याचं ऐकून आहे व मानतो’ अशा धाटणीची वाक्यं वाचताना तो माणूस टोपी हातात धरून उभा असलेला दिसतो.

अविवाहित गडी एका मालकाकडे पूर्ण वर्ष राबला, तर त्याला त्या पॅरिशचा हक्क मिळे. म्हणून काही शेतकरी मुद्दाम ५१ आठवड्यांचाच ठराव करत. आपल्याकडे ११ महिन्यांचा भाडेकरार करतात, त्याची आठवण होते की नाही? हक्क नसलेल्यांना परत पाठवण्याचे हुकूमही याच पेटीत मिळतात. एखादं कुटुंब रजिस्टरातून अचानक गायब का झालं, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. गरोदर, नवरा नसलेल्या बाईला तर घाईने हद्दीबाहेर काढत, कारण मूल जिथे जन्मेल त्या गावाच्या गळ्यात त्याचा खर्च पडे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचं नाव नसेल, तर ज्याच्याकडून पोटगीचा कागद लिहून घेतला त्याचं नाव त्या पेटीत सापडू शकतं. अर्थात हे सगळं गावागणिक बदलतं. एका गावाचे तीनशे कागद टिकलेले, शेजारच्या गावाचा एकही नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही देऊन टाकते. रजिस्टरं ठेवण्याचा हुकूम १५३८चा, आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने काढलेला. त्याआधीची रजिस्टरं जवळजवळ मिळतच नाहीत. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी सुटे कागद होते. १५९८च्या सुमारास ते चामड्यावर उतरवून काढायला सांगितलं आणि निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनचं तरी उतरवा असं म्हटलं, म्हणून कित्येक रजिस्टरं १५५८लाच सुरू होतात. १६४२ ते १६६० या धामधुमीत वह्यांत मोठी भगदाडं आहेत. १७३३पर्यंत मजकूर लॅटिनमध्ये असू शकतो, विल्यम तिथे गुलिएल्मुस होतो. अक्षर असं की मोडी शिकलेल्या माणसालाच धीर धरवेल. आणि १७५२च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलत असे. नोव्हेंबर १७२०ला बाप्तिस्मा आणि फेब्रुवारी १७२०ला दफन असं दिसलं, तर कारकून चुकलेला नाही. तो फेब्रुवारी नोव्हेंबरच्या नंतरचाच आहे, आपल्या हिशेबाने १७२१चा. तुम्ही उचललेल्या वंशावळीत हा घोळ दोन ठिकाणी दिसतो, त्यावरून ती करणाऱ्याने मूळ पानं पाहिलेली नाहीत असं मला वाटतं.

१६००च्या मागे जायला जमीनजुमला किंवा मृत्युपत्र लागतं. घराणं मजुरांचं असेल, तर बहुधा तिथेच थांबावं लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी, तुम्ही जाता जाता लिहिलेली एक गोष्ट मला सगळ्यांत आशेची वाटते. विल्यमच्या थोरल्या मुलीचं नाव कझाया होतं म्हणता. बायबलातल्या जोबच्या मुलीचं हे नाव, मेरी-एलिझाबेथसारखं घरोघरी सापडणारं नाही. ते विल्यमच्या बायकोकडून आलेलं असू शकतं, ते आधी तपासा. पण तिच्या माहेरी कुणी कझाया नसेल, तर विल्यमच्या आईचं, बहिणीचं नाहीतर आजीचं असण्याचा संभव बराच आहे. तुमच्या १८२६च्या विल्यमची आई ॲन आहे. बाकीच्या दोघांच्या आया, बहिणी आणि आज्या कोण होत्या, ते तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. मुंबईची लग्ननोंद येईपर्यंत तिन्ही गावांच्या १७८० ते १८३०च्या वह्यांत फक्त कझाया शोधा. ती ज्या गावात भेटेल, त्या पानाचं छायाचित्र मला पाठवा.